इम्पेलर बसवताना त्याला काय लावाल?

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे दोन महिने कोकण किनाऱ्यावर बोटींच्या डागडुजीचे असतात. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणली-सांधली जातात आणि इंजिनांची कामे निघतात. ओबीएमचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, वॉटर पंप याच दिवसांत उघडला जातो. मोठ्या बोटींच्या इंजिनांना थंड ठेवणारा समुद्राच्या पाण्याचा पंप तपासला जातो आणि जुना इम्पेलर, म्हणजे पंपातले रबरी पात्यांचे चाक, काढून नवा बसवला जातो. मालवण-तारकर्लीच्या पर्यटन बोटी आणि गोव्यात डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या यांचेही पावसाळ्यात हेच काम निघते.

नवा इम्पेलर पंपात सहज जात नाही. त्याची पाती वाकवून, दाबून आत सारावी लागतात. अशा वेळी जवळ ग्रीसचा डबा किंवा इंजिन ऑइलची बाटली असली तर हात तिकडेच जातो. काम भराभर होते, पंप बंद होतो आणि विषय संपला असे वाटते. पण पंपात लावलेले वंगण आणि पात्यांचे रबर यांचे पुढे पटते की नाही, यावर त्या इम्पेलरचे आयुष्य बरेच अवलंबून असते. म्हणून पंप उघडण्याआधीच वंगण ठरवून ठेवावे. त्यासाठी दोन गोष्टी पाहायच्या: ते रबराला अपाय करत नाही ना, आणि इम्पेलर बसवल्यावर इंजिन किती दिवसांनी सुरू होणार आहे.

पंपात नेमके काय घडते

पंपाचे घर आतून पूर्ण गोल नसते. एका बाजूला उंचवटा असतो, त्याला कॅम म्हणतात. रबरी पाती फिरताना या कॅमपाशी आली की वाकतात आणि त्यांच्यामधली जागा कमी होते. कॅम ओलांडला की पाती पुन्हा ताठ होतात आणि जागा वाढते. जागा वाढली की पाणी आत ओढले जाते, पात्यांच्या मधल्या कप्प्यांतून गोल फिरते आणि पुढच्या फेरीला पाती वाकली की बाहेर ढकलले जाते. सगळा पंप रबराच्या या वाकण्यावर आणि उलगडण्यावर चालतो.

म्हणजे पात्यांची टोके कॅमवर आणि भिंतीवर सतत घासत असतात, तर दोन्ही बाजू मागच्या आणि पुढच्या प्लेटला घासतात. चालू पंपात या घासण्याला वंगण मिळते ते समुद्राच्या पाण्याचेच. पाणी आहे तोवर पाती गार आणि ओली राहतात. पाणी नसेल तर रबर धातूवर कोरडे घासते, तापते, टोके जळतात आणि पाती मुळाशी चिरतात.

एक साधा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांनी मंद चालले आहे आणि पंपही त्याच गतीने फिरतो आहे असे धरू. सेकंदाला साडेबारा फेरे होतात. पाणी पंपापर्यंत यायला वीस सेकंद लागले, तर तेवढ्यात प्रत्येक पाते अडीचशे वेळा कॅमवरून कोरडे घासून जाते. नव्या इम्पेलरच्या टोकांवर पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढा अत्याचार होऊ शकतो.

वंगणाचे काम काही सेकंदांचे

यावरून वंगणाची जबाबदारी किती, हे कळते. इम्पेलर आत सरकवताना पाती दुमडू वा फाटू द्यायची नाहीत आणि पाणी येईपर्यंतच्या पहिल्या काही सेकंदांत टोके जळू द्यायची नाहीत. एवढी दोनच कामे त्याने करायची. पाणी आले की त्याची गरज संपते.

म्हणून जास्त टिकणारे, जास्त चिकट, जास्त दाट तेच चांगले, हा बेअरिंगला शोभणारा विचार इथे लागू पडत नाही. पंपात दाट ग्रीस भरले तर ते पाण्याने लवकर जात नाही. कोकणातल्या खाड्यांच्या पाण्यात रेती आणि गाळ भरपूर, ते कण त्या ग्रीसमध्ये अडकतात आणि पात्यांची टोके व प्लेट घासत बसतात. पातळ थर पुरे, आणि काम झाल्यावर तो पाण्याबरोबर गेला तरी हरकत नाही.

रबर आणि तेल

समुद्राच्या पाण्यासाठीचे बहुतेक इम्पेलर निओप्रीनचे असतात. १९३० साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हे कृत्रिम रबर नैसर्गिक रबरापेक्षा ऊन, हवा आणि तेल यांना चांगले तोंड देते, पण तेलाचा त्यावर अजिबात परिणाम होत नाही असे नाही. जिथे पाण्याबरोबर डिझेल किंवा तेल ओढले जाण्याची शक्यता असते, उदाहरणार्थ बोटीच्या तळातले पाणी काढणाऱ्या पंपात, तिथे नायट्राइल रबराचा इम्पेलर वापरतात. काही पंपांत ईपीडीएम नावाचे रबर असते. ते खनिज तेलात झपाट्याने फुगते.

फुगणे म्हणजे काय? रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांमध्ये खनिज तेलाचे छोटे रेणू शिरतात आणि त्या साखळ्यांना एकमेकींपासून दूर लोटतात. पाते जाड आणि मऊ होते. जाड झालेले पाते पंपाच्या भिंतीवर जास्त दाबाने घासते, त्यामुळे जास्त तापते, आणि मऊ झालेल्या मुळाशी चिरा लवकर जातात. शिवाय रबर लवचीक राहावे म्हणून कारखान्यात त्यात मिसळलेली काही द्रव्ये तेलात उतरून निघून जातात. मग तेल उडून गेल्यावर तेच रबर कडक होते. दोन्ही प्रकारे पात्याची वाकून पुन्हा ताठ होण्याची शक्ती कमी होते, आणि पंप चालतो तो त्याच शक्तीवर.

यावर विश्वास बसत नसेल तर घरी एक प्रयोग करा. जुना, टाकून द्यायचा इम्पेलर घ्या आणि त्याची तीन पाती धारदार सुरीने कापा. तिन्हींची लांबी आणि जाडी मोजून कागदावर लिहून ठेवा. एक तुकडा झाकणाच्या बाटलीत डिझेलमध्ये, दुसरा ग्लिसरीनमध्ये आणि तिसरा साध्या पाण्यात बुडवून आठवडाभर ठेवा. मग पुसून पुन्हा मोजा आणि बोटांत धरून वाकवून पाहा. निओप्रीनचा तुकडा असेल तर डिझेलमधला फुगलेला आणि लिबलिबीत झालेला आढळेल, ग्लिसरीनमधला जवळपास जसाच्या तसा. इंजिन ऑइलमध्ये हाच परिणाम सावकाश होतो, पण दिशा तीच.

इम्पेलर कोणत्या रबराचा आहे हे नुसते पाहून ओळखता येत नाही, बहुतेक काळेच असतात. डबीवर लिहिलेले असेल तर वाचा. नसेल तर असे वंगण निवडा जे या तिन्ही रबरांना चालते. अशी वंगणे दोन आहेत आणि दोन्ही आपल्याकडे सहज मिळतात.

ग्लिसरीन: आज बसवा, आज चालवा

औषधांच्या दुकानात मिळणारे साधे, शुद्ध ग्लिसरीन हे या कामासाठी सगळ्यात सोयीचे वंगण आहे. ते दाटसर असल्याने पात्यांना धरून राहते, रबराला काही करत नाही, पाण्यात पूर्ण विरघळते आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत धुऊन जाते. काही पंप-कंपन्या नव्या इम्पेलरच्या डबीत ग्लिसरीनची छोटी पुडी घालतात, ती याचसाठी. पुडी सापडली तर फेकू नका, आणि दुसरे काही शोधतही बसू नका.

ग्लिसरीनला एक मर्यादा आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेते, पातळ होते आणि हळूहळू खाली ओघळते. म्हणून इम्पेलर जूनमध्ये बसवायचा आणि इंजिन ऑगस्टमध्ये चालू करायचे असेल, तर ग्लिसरीनवर भरवसा ठेवू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजिन पाण्यात चालणार असेल तर त्याच्यासारखे दुसरे नाही.

सिलिकॉन ग्रीस: बसवून ठेवायचे असेल तर

इम्पेलर बसवून बोट काही आठवडे उभी राहणार असेल, तर शुद्ध सिलिकॉन ग्रीस वापरा. निओप्रीन, नायट्राइल आणि ईपीडीएम या तिन्ही रबरांना ते चालते, वाळत नाही, ओघळत नाही आणि पाण्याने लगेच जातही नाही. कव्हरची ओ-रिंग आणि शाफ्टच्या ऑइल सीलची ओठासारखी कड यांनाही तेच लावता येते. पहिल्या सेकंदांत सील कोरडे घासून जळण्याचा धोका असतो, तोही त्यामुळे टळतो.

हे कुठे मिळेल? पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारे लोक ओ-रिंगला हेच लावतात, त्यामुळे फिल्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात छोटी डबी किंवा ट्यूब मिळते. स्कूबा डायव्हिंग चालवणाऱ्यांकडेही ते असते, कारण त्यांच्या साधनांच्या ओ-रिंग त्याच्यावर चालतात. मालवणच्या आसपास राहत असाल तर ओळखीच्या स्कूबावाल्याला विचारा.

मात्र विकत घेताना तीन गोष्टींची गफलत होऊ देऊ नका. पहिली, सिलिकॉन सीलंट. खिडक्यांच्या फटी भरायची किंवा इंजिनाला गॅस्केटऐवजी लावायची ही ट्यूब ग्रीस नव्हे, ती सुकून रबरासारखी घट्ट होते. पंपात गेली तर पाती भिंतीला चिकटतील. दुसरी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी पांढरी हीट सिंक पेस्ट. तिच्यातही सिलिकॉन असते, पण उष्णता वाहून नेण्यासाठी तिच्यात घन पूड मिसळलेली असते. ती वंगण नाही. तिसरी, सिलिकॉनचा स्प्रे. डब्यातून उडवता यावा म्हणून अशा बहुतेक स्प्रेंमध्ये पेट्रोलसारखी द्रावणे असतात. त्यापेक्षा ट्यूबमधले घट्ट सिलिकॉन ग्रीस बरे.

आणखी एक जपायचे. सिलिकॉनचा हात रंगवायच्या किंवा फायबर चिकटवायच्या जागी लागला, तर तिथे रंग नीट धरत नाही. बंदीच्या दिवसांत बोटीचा रंग आणि इंजिनाचे काम एकाच वेळी चालू असते. म्हणून पंपाचे काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा आणि तोच फडका रंगाच्या कामाला घेऊ नका.

भांड्यांचा साबण, खोबरेल, व्हॅसलीन

समुद्रात असताना इम्पेलर बदलायची वेळ आली आणि जवळ ग्लिसरीन नसेल, तर भांडी घासायचा द्रव साबण चालतो. तो निसरडा असतो, रबराला लगेच अपाय करत नाही आणि पाण्याने जातो. पण इंजिन लगेच सुरू होणार असेल तरच. बरेच दिवस ठेवला तर तो वाळतो, चिकट होतो आणि त्यातले क्षार धातूला लागून राहतात. साबण द्रवच हवा. घासायची पावडर किंवा वडी मुळीच नको, तिच्यात घासणारे कण असतात आणि ते कॅम आणि प्लेटवर ओरखडे काढतील.

खोबरेल तेल कोकणात प्रत्येक घरात असते. अगदी अडचणीच्या वेळी ते एक बोटभर लावता येईल. तेही इंजिन ताबडतोब चालणार असेल तरच. राहिलेले तेल खवट होऊन चिकट होते आणि थंडीत गोठते. हंगामाच्या तयारीत त्याला जागा नाही.

व्हॅसलीनबद्दल मेकॅनिकमध्येही दोन मते आहेत. ते खनिज तेलापासूनच बनते. निओप्रीनला बारीकसा थर लावला आणि लगेच पाणी फिरले तर नुकसान जाणवणार नाही. पण ईपीडीएमला ते मुळीच चालत नाही आणि महिनोन्महिने लागून राहिले तर निओप्रीनलाही ते बरे नव्हे. थोडक्या पैशांत ग्लिसरीन मिळत असताना ही जोखीम कशाला?

काय लावू नये

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल, रॉकेल, गंजलेले नट सैल करायचे स्प्रे आणि गॅरेजमध्ये सगळीकडे वापरले जाणारे एपी-३ सारखे लिथियम ग्रीस यांपैकी काहीही इम्पेलरच्या रबराला लावू नका. हे सगळे खनिज तेलावर आधारलेले पदार्थ आहेत.

निळ्या-हिरव्या रंगाचे मरीन ग्रीस हेही बहुधा खनिज तेलाचेच असते. पाण्यात ते टिकते, म्हणून स्टिअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट, बिजागऱ्या, स्प्लाइन (शाफ्टवरच्या दातेरी खाचा) अशा धातूच्या भागांना ते उत्तम. नावात मरीन आहे म्हणून ते रबराला चालेल असे नाही. एकच अपवाद आहे: तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत कंपनीने स्वतःचे एखादे ठरावीक ग्रीस इम्पेलरला लावा असे लिहिले असेल, तर तेच लावा. आपला इम्पेलर कोणत्या रबराचा आहे हे कंपनीला ठाऊक असते. पुस्तिका आणि गॅरेजमधला अनुभव यांचा वाद झाला, तर पुस्तिकेचे ऐका.

कुठे आणि किती

आता प्रत्यक्ष काम. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनाचा पंप उघडण्याआधी तळाचा पाण्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे सीकॉक, बंद करा आणि इंजिनाची चावी काढून त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवा. चावी हवी असेल तेव्हा व्हॉल्व्हपाशी जावेच लागेल, मग तो उघडायचा राहून जाणार नाही.

कव्हरचे स्क्रू काढा, प्लेट अलगद सोडवा. जुना इम्पेलर काढायला पुलर असेल तर उत्तम. नसेल तर दोन स्क्रू-ड्रायव्हर समोरासमोर लावून हळूहळू उचलता येतो, पण त्यांच्याखाली जाड फडक्याची घडी ठेवा. घराच्या कडेला एक जरी खाच पडली तरी कव्हर नीट बसत नाही आणि तिथून हवा शिरते. हवा शिरली की पंप पाणी ओढत नाही, मग इम्पेलर कितीही नवा असो.

इम्पेलर निघाला की घर, कॅम आणि प्लेट स्वच्छ पुसा. जुन्या ग्रीसचा, मिठाचा किंवा रबराच्या चुऱ्याचा थर राहू देऊ नका. बोटाचे टोक भिंतीवरून फिरवा. नख अडेल असा ओरखडा असेल तर नवे रबर तिथे लवकर झिजेल. कव्हर प्लेट आतून झिजली असेल आणि तिची बाहेरची बाजू सपाट असेल, तर ती उलटी करून वापरता येते.

मग वंगण. करंगळीवर थोडे ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस घ्या आणि घराची आतली भिंत, कॅम, मागची प्लेट आणि कव्हरची आतली बाजू यांवर चमक येईल इतकाच थर द्या. नंतर इम्पेलरच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना बोट लावा. पात्यांमधले कप्पे भरू नका. इम्पेलर हातात धरून थोडा हलवला तर वंगण टपकू नये, इतकेच प्रमाण पुरे.

शाफ्टवर मात्र वेगळा विचार. इम्पेलरचा मध्यभाग शाफ्टवर घट्ट बसतो आणि खाऱ्या पाण्यात वर्षभर राहिला की तिथे गंज धरून चिकटतो. शाफ्टच्या त्या भागाला आणि चावीच्या किंवा स्प्लाइनच्या खाचांना सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात द्या. पुढच्या वर्षी इम्पेलर काढताना त्याचा उपयोग होईल.

इम्पेलर आत सारताना पंप ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने किंचित वळवत सारा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकून बसतात. दिशा नक्की माहीत नसेल तर जुना इम्पेलर काढण्याआधी त्याची पाती कोणत्या बाजूला वाकली आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सगळी पाती एकाच बाजूला हवीत, एखादे उलटे दुमडले तर बाहेर काढून पुन्हा बसवा.

शेवटी गॅस्केट. कव्हरचे गॅस्केट कंपनीने ठरवलेल्या जाडीचेच वापरा. जाड कागद कापून बसवला तर प्लेट आणि पात्यांमध्ये फट राहते आणि पंपाची ओढ कमी होते. गॅस्केटवर सीलंट थापू नका, तो आत सरकतो. ओ-रिंग असेल तर तिला सिलिकॉन ग्रीसचा हात द्या.

ओबीएमच्या पंपाबद्दल

ओबीएमचा पंप खाली गिअरकेसच्या वर असतो आणि इंजिन पाण्यात उतरवले की तो बहुधा पाण्यातच किंवा पाण्याच्या पातळीजवळ असतो. त्यामुळे तिथे पाणी चटकन येते. इनबोर्डचा पंप अनेकदा पाण्याच्या पातळीच्या वर असतो, त्याला पाणी उचलून ओढावे लागते आणि तिथे कोरडा काळ लांबतो. इनबोर्डमध्ये वंगणाचे महत्त्व जास्त ते यासाठी.

ओबीएममध्ये पंपाचे घर वरून शाफ्टवर सरकवताना शाफ्ट योग्य दिशेने, बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हळूहळू फिरवत राहायचे, म्हणजे पाती आपोआप वाकत आत जातात. वंगण पात्यांना आणि घराच्या आतल्या बाजूला. शाफ्टच्या वरच्या स्प्लाइनना मरीन ग्रीस लावा, पण शाफ्टच्या अगदी वरच्या सपाट टोकावर लावू नका. तिथे ग्रीस अडकले तर शाफ्ट क्रँकमध्ये पूर्ण वर बसत नाही आणि बोल्ट आवळताना नुकसान होऊ शकते.

इम्पेलर बसवल्यावर ओबीएम कोरड्यावर चालवून पाहू नका, अगदी पाच सेकंदही नाही. पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात बुडवून किंवा पाण्याची नळी जोडूनच चाचणी घ्या. लावलेले वंगण पाणी येईपर्यंत सांभाळण्यासाठी असते, पाण्याशिवाय चालवण्यासाठी नव्हे.

पहिल्यांदा सुरू करताना

सीकॉक उघडा. इनबोर्डमध्ये पाण्याच्या जाळीचे (स्ट्रेनरचे) झाकण काढून ती पाण्याने भरा, म्हणजे पंपाला पाणी जवळ मिळते आणि कोरडा काळ कमी होतो. झाकणाची ओ-रिंग नीट बसवून ते आवळा. मग इंजिन मंद गतीवर सुरू करा आणि एका माणसाला एक्झॉस्टपाशी उभे करा. ओबीएममध्ये मागून निघणारी पाण्याची बारीक धार पाहा.

पाणी काही सेकंदांत दिसायला हवे. अर्ध्या मिनिटात नाही आले तर इंजिन बंद करा. रेस देऊन पाणी ओढायचा प्रयत्न करू नका, त्याने फक्त पाती जळतात. बंद करून सीकॉक, जाळी, नळीचे क्लिप आणि कव्हरचे गॅस्केट या क्रमाने तपासा. हवा कुठून तरी शिरते आहे किंवा पाणी कुठेतरी अडले आहे, दोहोंपैकी एक असणार.

जुना इम्पेलर फेकू नका

काढलेला इम्पेलर उजेडात धरून नीट पाहा. पात्यांची टोके चकचकीत आणि सपाट झिजली असतील तर तो कोरडा चालला आहे. मुळाशी बारीक चिरा असतील तर त्याचे वय झाले. पाती जाड, मऊ आणि चिकट लागत असतील तर त्याला तेल लागले आहे, मग ते कुठून आले ते शोधा. बसवताना लावलेले असेल किंवा पाण्यातून ओढले जात असेल.

आणि एखादे पाते तुटलेले असेल तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत काम संपले असे समजू नका. तो पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, ऑइल कूलरमध्ये किंवा थर्मोस्टॅटजवळ अडकलेला असतो. ओबीएममध्ये तो इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत वर जातो. नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापते आहे, अशी तक्रार अनेकदा या तुकड्यापाशी येऊन थांबते. जुन्या इम्पेलरची उरलेली पाती मोजा, तुटलेले तुकडे जुळवून पाहा, एकही कमी असता कामा नये.

बंदीच्या दोन महिन्यांसाठी

बोट उभी असताना इम्पेलरची काही पाती कॅमखाली दोन महिने वाकलेल्या स्थितीत राहतात आणि तशीच आकार धरतात. शिवाय पंपात राहिलेले खारे पाणी वाळून मिठाचे कण राहतात आणि ऑगस्टमधल्या पहिल्या फेरीला तेच पात्यांवर घासतात. म्हणून हंगाम संपला की पंपातून गोडे पाणी फिरवा. इनबोर्डमध्ये शक्य असेल तर इम्पेलर काढून, धुऊन, पुसून सावलीत ठेवा आणि इंजिनाच्या चावीला चिठ्ठी बांधा: इम्पेलर काढला आहे. नवा किंवा तपासलेला इम्पेलर बोट पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी ग्लिसरीन लावून बसवा. ओबीएममध्ये गिअरकेस उतरवण्याचे काम मोठे असते, त्यामुळे तिथे एकदाच बसवायचे असेल तर सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवा.

किती दिवसांनी बदलायचा, याचे उत्तर तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत तासांमध्ये दिलेले असते. गाळाच्या खाडीत चालणाऱ्या बोटीने त्याहून लवकर बदललेला बरा. दर हंगामाला उघडून पाहणे मात्र सगळ्यांनी करावे.

बोटीवरच्या पेटीत एक नवा इम्पेलर, एक गॅस्केट वा ओ-रिंग, ग्लिसरीनची छोटी बाटली आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: पंपासाठी, दुसरे ग्रीस लावू नये. मेकॅनिक बदलतो, खलाशी बदलतात, घाईत कुणाचाही हात डब्याकडे जातो. भर समुद्रात इंजिन तापले तर बोटीवरची सगळी माणसे वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या हवाली होतात. त्या माणसांसाठी एवढी तजवीज प्रत्येक बोटीवर असायलाच हवी, आणि ती करायला एक संध्याकाळ पुरते.